साथ आली आणि प्रतिकारशक्ती आधीच कमी असेल तर: घरात, दवाखान्यात आणि कागदावर करायची तयारी

माझ्या पोटात उजव्या बाजूला आईची किडनी आहे. २०१७ मध्ये बसवली. ती टिकावी म्हणून सकाळी नऊला आणि रात्री नऊला टॅक्रोलिमस, सोबत मायकोफेनोलेट आणि थोडं प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड) रोज घेते. तिन्ही गोळ्यांचं काम एकच. माझ्या शरीराने आईची किडनी परकी समजून तिच्यावर धावून जायचं नाही. मग ते विषाणूंवरही पुरेसं धावून जात नाही, हा त्यातला तोटा. ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण सापडले ते आमच्याच शहरात, पुण्यात. पुढची दोन-अडीच वर्षं चुकत-माकत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते आहे.

कोविडचं नाव आता कुणी काढत नाही. पण पुण्याने त्याआधी २००९ मध्ये स्वाइन फ्लू पाहिला होता, शाळा बंद झालेल्या आणि नायडू हॉस्पिटलबाहेर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. श्वासातून पसरणारी पुढची साथ कुठलीही असो, खालचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडेल. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं, थांबवणं, डोस बदलणं हे ज्यांच्याकडे तुमची फाइल आहे त्यांनीच करायचं.

१. आधी विचारा: माझी प्रतिकारशक्ती कशामुळे आणि किती कमी आहे?

"इम्युनिटी कमी आहे" एवढं कळून उपयोग नाही, कारण प्रत्येकाचं भगदाड वेगळ्या जागी असतं. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी प्रत्येक सायकलनंतर काही दिवस खाली जातात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत खाली, आणि मग परत वर येतात. म्हणजे त्याला धोक्याचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवता येतात. संधिवातासाठी किंवा रक्ताच्या आजारासाठी रिटुक्सिमॅब घेतलेल्या माणसाच्या अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी साधारण सहा महिने गायब असतात, त्या काळात दिलेली लस फारशी रुजत नाही. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा जास्त दिवस चाललं, तर तेही प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यातच धरतात. दम्यासाठी पाच दिवस घेतलेला कोर्स वेगळा.

सिकलसेल असलेल्यांची प्लीहा बहुतेकदा लहानपणीच निकामी होते. नंदुरबार, गडचिरोली भागात अशी कितीतरी कुटुंबं आहेत आणि "प्लीहा नसणं म्हणजे न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंपुढे उघडं पडणं" हे त्यांना नीट सांगितलं जातंच असं नाही. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने औषध नियमित घेतलं आणि सीडी-४ (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशींची रक्तातली संख्या) चांगला असला तर धोका बराच कमी होतो. सीडी-४ दोनशेच्या खाली असेल तर मात्र खूप जपावं लागतं. डायलिसिसवर असलेले आणि साखर ताब्यात नसलेलेही याच रांगेत येतात, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एकही न घेता.

तेव्हा पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचारा: माझा धोका कायमचा आहे की काही महिन्यांचा? माझ्या अंगात लस कितपत काम करेल? ताप किती आला की मी रात्री-अपरात्रीसुद्धा फोन करायचा, आणि कुठल्या नंबरवर? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच, त्यांच्यासमोर लिहून घ्या. आमच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरचा मोबाइल नंबर दिला. त्या एका नंबराने आमच्या निम्म्या चिंता गेल्या.

२. फ्रिजवरचा कागद

साथीत तुम्ही ज्या दवाखान्यात पोचाल तो तुमचा नेहमीचा असेलच असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये बेड जिथे मिळेल तिथे माणसं जात होती, आणि ऑक्सिजनचा मास्क लावलेला माणूस आपल्या गोळ्यांची नावं सांगू शकत नाही. नातेवाइकाला आत सोडत नाहीत. मग ड्युटीवरच्या थकलेल्या डॉक्टरला कळणार कसं, की या बाईला कुणाची तरी किडनी बसवलेली आहे?

म्हणून एक पान. एकच, कारण जाड फाइल कुणी वाचत नाही. वर मोठ्या अक्षरात आजार आणि ऑपरेशनचं वर्ष. मग प्रत्येक औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नाव नंतर कंसात), डोस आणि वेळ. ॲलर्जी. रक्तगट. शेवटचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) किंवा हिमोग्लोबिन, जे तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल ते, तारखेसह. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि घरातल्या दोघांचा फोन. खाली एक ओळ मी लाल शाईने लिहिली आहे: "टॅक्रोलिमस चालू आहे. नवीन औषध देण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टना फोन करावा." नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर.

हे पान फ्रिजवर, एक प्रत पाकिटात, एक फोटो नवऱ्याच्या आणि भावाच्या फोनमध्ये. फिस्ट्युला (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) असलेल्यांनी "या हातावर बीपी किंवा सुई नको" हेही लिहावं.

३. औषधांचा साठा, आणि बाहेरचा डॉक्टर

लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या केमिस्टकडे माझ्या ब्रँडचं टॅक्रोलिमस आठ दिवस नव्हतं. "दुसऱ्या कंपनीचं देऊ का?" असं त्याने अगदी चांगल्या मनाने विचारलं. या औषधात ब्रँड बदलला की रक्तातली पातळी बदलू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि नंतर लेव्हल तपासल्याशिवाय बदलायचं नसतं. तेव्हापासून घरात नेहमी महिनाभराच्या गोळ्या जास्तीच्या असतात. जुनी पट्टी आधी, नवी मागे. वाण्याच्या दुकानात माल लावतात तसं. एआरटी केंद्रातून एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांनी एकदम दोन-तीन महिन्यांचं मिळेल का हे विचारावं, कोविडमध्ये तशी सोय केली गेली होती.

आता माझ्या चुकीची गोष्ट. २०२० च्या पावसाळ्यात घसा धरला, थोडा खोकला. नेफ्रॉलॉजिस्टना कशाला त्रास द्यायचा म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे फोनवर विचारलं. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. माझ्या बाकीच्या गोळ्या त्यांनी विचारल्या नाहीत आणि मीही सांगितल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलला तर तो बशीवर खडखडायला लागला. हात थरथरत होता. डोकं जड, रात्रभर झोप नाही. मुलगा म्हणाला, "आई, तुला थंडी वाजतेय का?" लेव्हल केली तर टॅक्रोलिमस हवं त्याच्या दुपटीहून जास्त, आणि क्रिएटिनिनही वर सरकलेलं. क्लॅरिथ्रोमायसिन यकृतात टॅक्रोलिमस मोडण्याचं काम अडवतं, मग ते रक्तात साचत जातं. किडनी वाचवणारं औषधच किडनीला बाधायला लागतं.

त्यावरून काही नावं पाठ झाली. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं, आणि कोविडच्या पॅक्सलोव्हिडमधलं रिटोनाविर ही सगळी टॅक्रोलिमस वर नेतात, रिटोनाविर तर कितीतरी पटींनी. टीबीचं रिफॅम्पिसिन उलट करतं, पातळी पाडतं. जुलाब लागले तरी टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते, हे मला फार उशिरा कळलं. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्या किडनीवाल्यांनी परस्पर घ्यायच्याच नाहीत.

आणि एक उलट बाजू. साथीच्या भीतीने "या गोळ्यांमुळेच इम्युनिटी कमी होते ना, मग काही दिवस बंद करू" असं ठरवणारे भेटतात. करू नका. बसवलेला अवयव शरीर नाकारू शकतं, आणि स्टिरॉइड बरेच महिने घेणाऱ्याने ते एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. संसर्ग झाल्यावर डॉक्टर कधी कधी मायकोफेनोलेट कमी करतात किंवा थांबवतात, पण ते मोजून-मापून.

४. लस: तुमची आणि घरच्यांची

माझ्यासारख्यांना चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या लशी असा साधा भाग पाडता येतो. जिवंत पण दुबळा केलेला जंतू असलेली लस आम्हाला नको: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, तोंडातून द्यायचा पोलिओ, पीतज्वर, नाकात फवारायची फ्लूची लस. मृत किंवा जंतूचा तुकडाच असलेली लस चालते: फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकॉकल, हिपॅटायटिस बी, नागिणीची नवी रिकॉम्बिनंट लस. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन शरीरात वाढणाऱ्या जंतूच्या लशी नव्हत्या, त्यामुळे चालल्या. ज्यांचं ट्रान्सप्लांट अजून व्हायचंय किंवा केमो सुरू व्हायची आहे, त्यांनी लशींचं आधीच विचारावं. नंतर दारं बंद होतात.

फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो, म्हणून एप्रिल-मे बरा. अमेरिकेतल्या नातेवाइकांचं ऐकून ऑक्टोबरची वाट पाहू नका.

लस घेतली म्हणजे झालं, असं मात्र आमच्या बाबतीत नाही. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांत अँटिबॉडी कमी तयार होतात, म्हणून जास्तीचा डोस लागतो आणि तरीही मास्क सुटत नाही. अशा वेळी घरच्यांची लस ही आपलीच लस असते. २०२१ मध्ये हे फार टोचलं. १ मार्चला ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांसाठी लसीकरण उघडलं, वीस आजारांच्या यादीत ट्रान्सप्लांटही होतं, पण मी तेव्हा ३८ वर्षांची. १ मेला अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी उघडेपर्यंत थांबावं लागलं, आणि मधले दोन महिने म्हणजे नेमकी दुसरी लाट. त्या दोन महिन्यांत माझ्याऐवजी आई आणि सासूबाई घेऊन आल्या, आणि घरात येणारी निम्मी वाट तरी बंद झाली.

लहान मुलांच्या बहुतेक लशी तुम्ही घरात असताना द्यायला हरकत नसते. पोलिओच्या थेंबांचं तेवढं डॉक्टरांशी बोला. थेंबांतला विषाणू बाळाच्या शीमधून काही आठवडे बाहेर पडतो, तेव्हा त्या काळात लंगोट दुसऱ्या कुणी बदलावा.

५. हवा

२०२० चे पहिले चार महिने आम्ही भाज्या सोड्याच्या पाण्यात बुचकळत होतो आणि दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. खिडक्या मात्र डासांमुळे बंद. आता हसू येतं. श्वासाची साथ मुख्यतः हवेतून येते. ज्या बंद खोलीत चार माणसं बोलत बसली आहेत तिथे सूक्ष्म थेंब धुरासारखे तरंगत राहतात. सिगारेटचा विचार करा. खोलीत कुणी ओढली असती तर वास कुठपर्यंत आला असता? तिथपर्यंत विषाणूही येऊ शकतो. हा हिशेब मला सहा फुटांच्या नियमापेक्षा जास्त उपयोगी पडला.

समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, जाळी बसवून घ्या. वारा एकाच बाजूने येत असेल तर दुसऱ्या बाजूच्या खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा, तो आतली हवा ओढून टाकतो. स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. एसी लावायचाच तर खिडकी चार बोटं उघडी आणि वीजबिल थोडं जास्त. परवडत असेल तर हेपा फिल्टरचं (हवेतले सूक्ष्म कण गाळणारं) मशिन झोपायच्या खोलीत ठेवा.

मी एक कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र घेतलं. उघड्यावर ते साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दाखवतं. खोलीत ८०० च्या आत असेल तर हवा खेळती आहे असं धरते. एकदा भावाकडे वाढदिवसाला नेलं, दारं-खिडक्या बंद, एसी, बारा माणसं. केक कापेपर्यंत आकडा २१०० च्या वर. म्हणजे मी इतरांनी सोडलेली हवा परत घेत होते. वहिनीला दाखवल्यावर तिनेच उठून बाल्कनीचं दार उघडलं. वाद घालावा लागला नाही. यंत्र घ्यायलाच हवं असं नाही, पण माणसाचं ऐकत नाहीत ते आकड्याचं ऐकतात.

प्रवासाचंही तेच. काचा बंद एसी टॅक्सीपेक्षा रिक्षा बरी. लिफ्ट रिकामी असेल तर, नाहीतर पुढची. मुंबईला जायचं झालं तर लोकल दुपारी.

हात धुणं सगळ्यांना माहीत आहे: साबण, वीस सेकंद, बाहेरून आल्यावर आणि जेवणाआधी. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल हवं. फरशीसाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरत असाल तर त्यात टॉयलेट क्लीनरचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरिन वायू तयार होतो.

६. मास्क

कापडी मास्क दुसऱ्यांसाठी, आपल्यासाठी एन-९५ किंवा एफएफपी-२. व्हॉल्व्हवाला नको, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो आणि आपणच आजारी असलो तर घरचे अडकतात. कानाला अडकवायच्या रबरापेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे जास्त घट्ट बसतात. मास्क लावल्यावर जोरात श्वास सोडा: चष्म्यावर वाफ आली म्हणजे नाकाजवळ फट आहे, पट्टी दाबा. दाढी असेल तर मास्क चिकटत नाही. यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली आणि शेवटी नवऱ्याची दाढी गेली.

धुऊ नका, सॅनिटायझर फवारू नका. गाळण्याचं काम बऱ्याच अंशी कापडातल्या स्थिर विद्युतभारामुळे होतं, आणि अल्कोहोलने तो निघून जातो. पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, प्रत्येकावर वार. सोमवारचा पुढच्या सोमवारी. मळला, ओला झाला, रबर सैल पडलं की फेकायचा.

७. माणसं

हा भाग सगळ्यांत अवघड, आणि कुठल्याही डॉक्टरच्या कागदावर नसतो. विषाणू परका माणूस आणत नाही. काकू आणते, शाळेतून आलेलं पोर आणतं, प्रेमाने डबा घेऊन आलेली मैत्रीण आणते.

आम्ही एक नियम ठरवला आणि तो नवऱ्याने सांगायचा असं ठरलं. सुनेने सांगितलं की ती शिष्ट होते, मुलाने सांगितलं की काळजी करतो म्हणतात. अन्याय आहे, पण साथीत समाजसुधारणा करायला वेळ नव्हता. वाक्य ठरलेलं होतं: "काका, डॉक्टरांनी सांगितलंय, आपण गॅलरीत बसू." डॉक्टरांचं नाव घेतलं की कुणी रागावत नाही. गॅलरीत दोन खुर्च्या कायमच्या मांडल्या. चहा तिथेच. पाऊस असला तर जिन्यातल्या मोकळ्या जागेत.

कामाच्या मावशींना पहिले तीन महिने पगारी सुट्टी दिली. नंतर त्या परत आल्या तेव्हा त्यांना घरचे एन-९५ दिले आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली: "मावशी, घरात कुणाला ताप असेल तर येऊ नका, पगार कापणार नाही." हे दुसरं वाक्य नसेल तर पहिल्याला अर्थ नाही. ज्याला एका दिवसाचाही खाडा परवडत नाही, तो ताप लपवणारच.

गणपतीत आरती दार-खिडक्या सताड उघडून, पाहुणे दर्शनाला बाहेरून. लग्नं: मांडव मोकळ्या मैदानावर असेल तर अक्षता टाकून निघायचं, पंगतीला बसायचं नाही. एसी हॉल असेल तर आहेर पाठवायचा. काही लोक दुखावले. एका मावससासूंनी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं, आता बोलतात.

शाळा सुरू झाल्यावर मुलाला घरी ठेवायचं का? आम्ही साथीचा जोर असताना ठेवलं, ओसरल्यावर पाठवलं. वर्गात खिडक्या उघडतात का हे मी शिक्षकांना जाऊन विचारलं. त्याला सर्दी झाली की आम्ही दोघंही घरात मास्क लावतो आणि तो बाबांच्या खोलीत झोपतो. पहिल्यांदा रडला होता. आता स्वतःच उशी उचलतो.

८. दवाखान्याच्या फेऱ्या

साथीत सगळ्यांत धोकादायक जागा म्हणजे ओपीडीची वेटिंग रूम. तिथल्या काही फेऱ्या कमी करता येतात. रक्त घरी येऊन घेणारी लॅब शोधा; टॅक्रोलिमस लेव्हलसाठी सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं, म्हणून येणाऱ्या मुलाला वेळ नीट सांगा. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले तेव्हापासून फोनवरचा सल्ला आणि प्रिस्क्रिप्शन नियमात बसतं. जायचंच असेल तर पहिली अपॉइंटमेंट घ्या, नंबर येईपर्यंत बाहेर गाडीत किंवा झाडाखाली थांबा, फोन करून बोलवा म्हणून रिसेप्शनला सांगा. विचारलं तर बहुतेक जण तयार होतात.

काही फेऱ्या मात्र टाळायच्याच नसतात. डायलिसिस आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा म्हणजे तेवढंच. भीतीने एक चुकवलं की छातीत पाणी भरून कॅज्युअल्टीत जावं लागतं, आणि ती जागा डायलिसिस युनिटपेक्षा वाईट. तिथे एन-९५ चार तास न काढता बसायचं, खाणं घरी आल्यावर. केमोची तारीख पुढे ढकलायची की नाही हे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील, व्हॉट्सॲप ग्रुप नाही.

९. स्वयंपाकघर आणि काढा

साथ श्वासाची असली तरी पोटातून आजारी पडून दवाखान्यात जायचं नसेल तर: पाणी उकळलेलं, दूध तापवलेलं, कच्ची मोड आलेली कडधान्यं नाहीत, बाहेरची पाणीपुरी आणि कापलेली फळं नाहीत. भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकायचा नाही. कुंडीतली माती उकरताना हातमोजे आणि मास्क. मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत अशा बुरश्या असतात ज्या इतरांना सहसा काही करत नाहीत, आम्हाला मात्र करू शकतात.

आता काढा. २०२० मध्ये आमच्या सोसायटीत घराघरातून गुळवेल, दालचिनी, मिरे यांचा वास येत होता. सासूबाई रोज पितळी पेला समोर धरत. "अगं, सगळे पितायत. तुलाच तर जास्त गरज आहे." त्यांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, आणि तिथेच घोळ आहे. माझी प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम दाबलेली आहे. एखाद्या गोष्टीने ती खरंच चेतवली तर ती आधी आईच्या किडनीवर जाईल. चेतवली नाही तर पेला फुकट. दोन्हीकडून तोटाच. संधिवात, ल्युपस अशा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारांचंही तसंच. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वाद त्यांचा ते मिटवतील. गोळ्यांवर असलेल्या माणसाने त्यात आपलं यकृत पणाला लावू नये. मी सासूबाईंना आल्याचा चहा करून मागितला. रोज त्यांच्याच हातचा. प्रश्न मिटला.

१०. ताप आला

आमच्यासारख्यांचं शरीर उशिरा आणि हळू आवाजात बोलतं. स्टिरॉइड ताप दाबतं. खोकला नसतो, नुसतं जेवावंसं वाटत नाही, जुलाब होतात, जिना चढताना धाप लागते. म्हणून साथीच्या दिवसांत रोज सकाळ-संध्याकाळ ताप, बीपी, वजन वहीत लिहायचं. आपला नेहमीचा आकडा माहीत असेल तरच बदल कळतो.

१००.४ फॅरनहाइट ही रेषा. केमोवाल्यांसाठी ती रेषा ओलांडणं म्हणजे इमर्जन्सी, मग साथ असो वा नसो. त्या दिवसांत न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पाचशेच्या खाली असू शकतात आणि अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हावं लागतं. "पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत बघू" हे वाक्य घरात बंद करा. आधी मोजा, लिहा, फोन करा, मग गोळी. ट्रान्सप्लांटवाल्यांनीही त्याच आकड्याला फोन करावा.

टेस्ट पहिल्याच दिवशी. विषाणूवरची औषधं पहिल्या पाच-सात दिवसांतच उपयोगाची असतात. इतरांना थांबायला वेळ आहे, आपल्याला नाही. घरची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी लक्षणं असतील तर आरटीपीसीआर करून घ्या. औषध सुचवलं की लाल शाईची ओळ दाखवा.

ऑक्सिमीटर: बोट गरम, मेंदी-नेलपॉलिश नसलेलं, हात टेबलावर, मिनिटभर थांबून वाचायचं. ९४ च्या खाली आलं तर निघायचं. ९५-९६ असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चाला आणि परत लावा. तीन किंवा जास्तने घसरलं तरी निघायचं. गाडी नसेल तर १०८. पिशवी आधीच भरलेली: पंधरा दिवसांच्या गोळ्या मूळ पट्टीसह (दवाखान्याच्या फार्मसीत टॅक्रोलिमस असेलच असं नाही), कागद, चार्जर, चष्मा, दोन एन-९५, आधार कार्ड, विम्याचं किंवा जनआरोग्य योजनेचं कार्ड. गोळ्यांची वेळ झाली की नर्सला आठवण करायची. माझ्या पहिल्या ॲडमिशनला रात्री नऊची गोळी साडेबाराला मिळाली होती.

मला जानेवारी २०२२ मध्ये कोविड झालाच. सौम्य होता, मायकोफेनोलेट दहा दिवस बंद ठेवलं. पण टेस्ट निगेटिव्ह यायला तब्बल सव्वीस दिवस लागले. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या शरीरात विषाणू जास्त दिवस मुक्काम करतो, त्यामुळे सोसायटीचा "सात दिवस झाले, आता बाहेर" हा हिशेब आपल्याला चालत नाही. किमान वीस दिवस वेगळं राहायचं, आणि पुढे डॉक्टर टेस्ट बघून सांगतील तेव्हा बाहेर यायचं. तेवढे दिवस मुलगा दाराखालून चित्रं सरकवत होता.

बरं वाटल्यावरचे तीन-चार आठवडेही लक्ष ठेवायचे. स्टिरॉइड वाढवलं गेलं असेल तर साखर रोज तपासा. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीची) लाट आली ती बरीचशी मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या जोडीतून. गाल बधिर होणं, एका बाजूचं नाक चोंदून काळा-तांबडा स्राव येणं, डोळा सुजणं, वरचे दात हलणं, टाळूवर काळा डाग, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी ईएनटीकडे. आठवडाभराने नाही.

मायकोफेनोलेट परत सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि लेव्हल करून घेतली, आणि फ्रिजवरचा कागद नवा लिहिला. तो दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा असा नियम आहे. आज सहा तारीख, आणि प्रेडनिसोलोनचा डोस कमी झालाय तो त्यावर लिहायचा अजून राहिलाय.